छोट्या कॉलेजची जिम, रेफ्रीवर ओरडणारं पब्लिक आणि मध्ये टेबलावर बसलेले आपण

अमेरिकेत अंडरग्रॅडला येणाऱ्या पोरापोरींनी कॅम्पस जॉबबद्दल विचारलं की सगळे सीनियर लायब्ररी नाहीतर डायनिंग हॉलच सांगतात. अ‍ॅथलेटिक्स डिपार्टमेंटचं नाव कोणी काढत नाही, म्हणून हे लिहितेय. मी मिशिगनमधल्या एका छोट्या कॉलेजात शिकले, डिव्हिजन थ्री वालं, आणि बास्केटबॉलच्या सीझनमध्ये मॅचच्या टेबलावर काम केलं, कधी शॉट क्लॉक (टीमने किती सेकंदांत शॉट मारायचा ते मोजणारं घड्याळ), कधी स्कोअरबुक, कधी नुसतं रेफ्रींना पाणी आणि टॉवेल नेऊन देणं. कामाचे पैसे लायब्ररीइतकेच मिळतात पण कामाचं खरं स्वरूप कोणी आधी सांगत नाही, ते म्हणजे दोन तास तुमच्या डोक्यामागे बसलेले लोक रेफ्रीच्या नावाने शंख करत असतात आणि तुम्हाला चेहरा कोरा ठेवून बटणं दाबायची असतात.

आधी थोडं डिव्हिजन थ्री बद्दल, कारण टीव्हीवर मार्चमध्ये मोठ्या कॉलेजांची जी स्पर्धा दिसते ती ही नव्हे. एनसीएए म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या तीन पातळ्यांपैकी ही कॉलेजांच्या संख्येने सगळ्यात मोठी, चारशेच्या वर कॉलेजं, आणि इथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. म्हणजे कोर्टवर धावणारा पोरगा तुमच्यासोबत सकाळी केमिस्ट्री लॅबला असतो आणि त्याचे आईबाप फी भरून वर दोन-तीन तास गाडी चालवत मॅच बघायला येतात. जिम लहान, लाकडी किंवा प्लास्टिकचे बाक, पहिली रांग साइडलाइनपासून हाताच्या अंतरावर. वीस हजारांच्या अरिनात कोणी ओरडलं तर तो नुसता आवाज असतो, इथे कोण ओरडलं, काय ओरडलं, कोणासाठी ओरडलं सगळं स्पष्ट ऐकू येतं, रेफ्रीला पण. आणि रेफ्री तरी कोण, दिवसभर शाळेत शिकवून किंवा इन्शुरन्सच्या ऑफिसातून सुटून आलेला माणूस, मॅचमागे ठरलेले पैसे घेणारा, कॉलेजचा नोकर नाही. कॉन्फरन्सचा (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा) असाइनर त्याला मॅच देतो. अशी माणसं मोजकीच असल्यामुळे तेच तेच चेहरे सीझनभर फिरत राहतात, आणि पब्लिक ते लक्षात ठेवतं. "हाच होता ना जानेवारीत" हे वाक्य मी इतक्या काका लोकांकडून ऐकलंय. बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचनंतरच्या आकडेवारीच्या तक्त्यात) तिन्ही रेफ्रींची नावं छापलेली असतात, त्यामुळे लपायला जागाच नाही.

आता काम. टेबलावर स्कोअरर, टायमर, शॉट क्लॉकवाला, स्टॅट्सवाले एक-दोघं आणि अनाउन्सर असतात. नवीन माणसाला बहुतेक शॉट क्लॉक देतात आणि हे मला कधी कळलं नाही, कारण सगळ्यात जास्त बोलणी तिथेच खायची असतात. कॉलेज बास्केटबॉलला तीस सेकंदांचं क्लॉक असतं (पुरुषांचं २०१५-१६ च्या सीझनपासून, आधी पस्तीस होतं), आणि पुरुषांच्या मॅचमध्ये २०१९-२० पासून शॉट रिंगला लागून परत आलेला बॉल (रिबाउंड) अटॅकवाल्यांनीच घेतला तर वीसवर आणायचं, तीसवर नाही. इथे नजर बॉलवर न ठेवता रिंगवर ठेवायची. पब्लिकला हा नियम अर्धवट माहीत असतो, त्यामुळे तुम्ही बरोबर वीस केलंत तरी मागून "थर्टी! थर्टी!" येतं. विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून तर मुद्दाम खोटं काउंटडाउन करतात, क्लॉकवर अकरा असताना "पाच, चार, तीन" ओरडून पाहुण्या टीमच्या पोराला घाईत शॉट मारायला लावायचं. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा तुमचाच हात बटणाकडे जाईल. नाही जाऊ द्यायचा.

स्कोअररला रेफ्रीसारखा काळा-पांढरा पट्ट्यांचा शर्ट घालावा लागतो. का, तर कोर्टवरून रेफ्रीला लगेच ओळखता यावं म्हणून. पण शर्टाचे पट्टे बघितले की मागच्या लोकांच्या दृष्टीने तुम्ही पण "त्यांच्यातले". माझ्या ओळखीच्या एका मावशी, कॅम्पसवर एरवी भेटल्या की केक खायला बोलावणाऱ्या, मी पट्ट्यांचा शर्ट घातला की माझ्याकडे संशयाने बघायच्या. आणि टेबलावर बसलेल्या माणसाने टाळी वाजवायची नाही, आपल्या कॉलेजने शेवटच्या सेकंदाला जिंकलं तरी नाही. मला हे सगळ्यात अवघड गेलं.

लोक ओरडतात ते नेमकं काय, हे आधीच माहीत असलं की निम्मा त्रास कमी होतो. सगळ्यात लाडकी आरोळी "ओव्हर द बॅक". रूलबुकात या नावाचा फाउलच नाही. उंच खेळाडूने मागून उडी मारून, कोणाला न ढकलता बॉल काढला तर ते पूर्ण कायदेशीर आहे, फाउल होतो तो धक्का लागला तर. "रीच" चं पण तेच, हात पुढे करणं गुन्हा नाही. बॉलवर असलेल्या हाताला हात लागला तर तो फाउल धरत नाहीत, पण बाकावरून "चटाक" असा आवाज ऐकू येतो आणि आवाज आला म्हणजे फाउल अशी लोकांची श्रद्धा आहे. "थ्री सेकंड्स" म्हणजे अटॅकवाला रिंगजवळच्या चौकोनात तीन सेकंदांहून जास्त थांबला, पण ते ओरडणारे बहुतेकदा शॉट हवेत असताना मोजत असतात, तेव्हा ती मोजणी चालूच नसते. ब्लॉक की चार्ज, म्हणजे धडकेत चूक डिफेंडरची की अटॅकवाल्याची, हा वेगळाच तमाशा, २०२३-२४ पासून पुरुषांच्या खेळात डिफेंडरला चार्ज घ्यायचा असेल तर समोरच्याने उडीसाठी पाय रोवायच्या आत जागेवर असावं लागतं, आणि बाकावरच्या माणसाने आयुष्यभर टीव्हीवर एनबीए बघून त्याचा स्वतःचा एक नियम बनवलेला असतो. आपल्याकडे एलबीडब्ल्यूवर चहाच्या टपरीवर जे चालतं ते सगळं इथे चालतं, फरक इतकाच की इथे अंपायर सहा फुटांवर उभा आहे.

पण खरी गंमत स्कोअरबोर्डवरच्या फाउलच्या आकड्याची आहे, आणि नवीन माणसाने हे नीट समजून घ्यावं. बोर्डवर दोन्ही टीमचे टीम फाउल दिसतात. पुरुषांच्या मॅचला हाफमध्ये सातव्या फाउलला समोरचे बोनसमध्ये जातात, म्हणजे त्यांना फ्री थ्रो मिळायला लागतात, म्हणून तो आकडा सगळ्यांना दिसायला लागतो. तर एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला दोन झाले की जिममधला प्रत्येक बाबा तोच आकडा ओरडायला लागतो, "सेव्हन टू टू! कॉल इट बोथ वेज!" ऐकायला न्याय्य वाटतं. पण एक टीम फुल कोर्ट प्रेस करून, म्हणजे कोर्टभर पाठलाग करून, अंगावर जात असेल आणि दुसरी आपापली जागा राखत (झोन लावून) लांबून तीन पॉइंटचे शॉट मारत असेल तर फाउल सारखे होतीलच कसे? फाउल म्हणजे पंगतीतली जिलबी नाही दोन्हीकडे सारखी वाढायला.

हे मी पहिल्या सीझनला मोठ्या ऐटीत सांगायचे. मग स्पोर्ट्स सायकॉलॉजीच्या क्लासमध्ये प्रोफेसरांनी अँडरसन आणि पिअर्स या दोघांचा २००९ चा अभ्यास वाचायला दिला. त्यांनी २००४-०५ च्या सीझनमधल्या ३६५ कॉलेज मॅच तपासल्या, आणि निघालं असं की फाउलचा फरक जितका वाढतो तितकी पुढचा फाउल कमी फाउलवाल्या टीमवर लागायची शक्यता वाढते, शिवाय घरच्या टीमला थोडं झुकतं माप मिळतं. म्हणजे ओरडणारे बाबा अगदीच वेडे नाहीत. तो अभ्यास मोठ्या डिव्हिजनचा होता, आणि कारण ओरडणं आहे की रेफ्रीच्या मनातली समतोलाची ओढ आहे की मागे पडलेली टीमच जास्त आक्रमक होते हे त्यातून ठरत नाही, पण लोकांना वाटतं की आकडा ओरडला की चालतं, आणि एखाद्या मॅचला तसं झालं की पुढचा अख्खा सीझन ते आकडाच ओरडतात.

आणखी एक जुना अभ्यास आहे, बास्केटबॉलचा नाही, अमेरिकन फुटबॉलचा, पण माणसं तीच. १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टनची मॅच फार आडदांड झाली. मग त्याच मॅचची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथचे सरासरी ९.८ दिसले, डार्टमथच्या पोरांना आपल्याच टीमचे ४.३. फिल्म एकच. टेबलावर बसून हे मी दर आठवड्याला बघितलंय, एकाच धडकेवर घरचे बाक आणि पाहुण्यांचे बाक एकाच वेळी उठून उलट्या दिशेला हात दाखवतात आणि दोन्हीकडच्यांना शंभर टक्के खात्री असते. ते खोटं बोलत नसतात हो. त्यांना खरंच तसं दिसतं.

आमच्या भागात या सगळ्याचा कळस म्हणजे होप विरुद्ध कॅल्व्हिन. मिशिगनमधली हॉलंड आणि ग्रँड रॅपिड्स ही गावं, अंतर साधारण तीस मैल, दोन्ही डच रिफॉर्म्ड परंपरेतली चर्चची कॉलेजं, आणि ही रायव्हलरी १९२० पासून चालू आहे. डिव्हिजन थ्री म्हणजे रिकामे बाक असं ज्यांना वाटतं त्यांनी होपचं डेवोस फील्डहाउस त्या रात्री बघावं. रविवारी मन लावून प्रार्थना म्हणणारे आजी-आजोबा बुधवारी रात्री रेफ्रीला डोळ्यांचा डॉक्टर सुचवतात. शिव्या मात्र फार कमी, हे मान्य करायला हवं, चर्चचं वळण असेल किंवा शेजारी पाद्री बसलेला असेल.

उलट टोक बघायचं तर इंडियानातल्या अपलँड गावी टेलर युनिव्हर्सिटी आहे, ती एनएआयएमधली, म्हणजे एनसीएएहून वेगळ्या, लहान कॉलेजांच्या संघटनेतली. तिथे डिसेंबरमध्ये फायनल परीक्षांच्या आधी सायलेंट नाइटची मॅच असते, विद्यार्थी चित्रविचित्र कपड्यांत येतात आणि टेलरचा दहावा पॉइंट होईपर्यंत अख्खी जिम चिडीचूप, मग स्फोट. मी व्हिडिओच बघितलेत. माझं लक्ष स्फोटाकडे जातच नाही, त्या आधीच्या मिनिटांत शिट्टी वाजते आणि कोणीच काही बोलत नाही, बूट घासल्याचा आवाज येतो, रेफ्री टेबलाकडे येऊन नंबर सांगतो, हे बघायला मला भारी वाटतं.

नंबरावरून आठवलं. कॉलेजच्या जर्सीवर पूर्वी सहा ते नऊ हे आकडे नसायचे, कारण रेफ्री दोन हातांच्या बोटांनी नंबर दाखवतो. २०२३-२४ पासून शून्य ते नव्व्याण्णव सगळे चालतात, त्यामुळे स्कोअरबुकवर बसलात तर बोटांवर विसंबू नका, तोंडाने काय म्हणतोय ते ऐका.

महिलांच्या मॅचबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. तिथे दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात, गर्दी बहुतेक ठिकाणी कमी, म्हणून एकटा माणूस ओरडला तरी जिमभर घुमतं. आणि तो एकटा बहुतेकदा कोणाचा तरी बाप असतो. विद्यार्थ्यांचा आरडाओरडा मला कधी लागला नाही, ती पोरं मजा म्हणून करतात आणि हाफटाइमला पिझ्झा दिसला की विसरतात. बापाचं तसं नसतं. अमेरिकेतल्या खेळांच्या पंचांच्या संघटनेने २०१७ मध्ये सतरा हजारांवर रेफ्रींना विचारलं होतं तेव्हा सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्यांत पालकांचंच नाव वर आलं, मला जराही आश्चर्य वाटलं नाही. माझं मत असं की त्या रागातला बराचसा भाग रेफ्रीवरचा नसतोच. पोरगी बेंचवर बसलीये, हे चौथं वर्ष, यापुढे ती कुठे खेळणार नाही, आणि हे कोचला बोलता येत नाही. रेफ्रीला बोलता येतं.

एकदा अशाच एका बाबांनी टेबलाजवळ येऊन मला विचारलं की त्या उंच रेफ्रीचं नाव काय. अशा वेळी करायचं काय ते आधीच ठरवून ठेवा. नाव सांगायचं नाही, वाद घालायचा नाही, "तुमचं बरोबर आहे" असं तर अजिबात म्हणायचं नाही, गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (कॉलेजतर्फे मॅच सांभाळणारा माणूस) कुठे उभा आहे ते दाखवायचं. प्रेक्षकाला बाहेर काढायचं असेल तर रेफ्री स्वतः भांडायला जात नाही, तो या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाच सांगतो. मॅच संपली की तिघं रेफ्री थेट आत निघून जातात, आणि त्यांना दारापर्यंत सोडायची ड्यूटी तुमच्याकडे असेल तर पुढे चालायचं, रेंगाळायचं नाही, लोकांच्या नजरेला नजर द्यायची नाही. आमच्याकडे त्यांची चेंजिंग रूम म्हणजे एका असिस्टंट कोचचं ऑफिस होतं, आणि मी तिथे पाणी द्यायला गेले की ते तिघं कोणता कॉल चुकला यावरच बोलत असायचे, बाकावरच्या लोकांपेक्षा कितीतरी बारकाईने. हे मात्र बाकावर कोणाला सांगून पटत नाही.

टेबलावर एक सीझन काढला आणि आवडलं तर इंट्राम्युरल रेफ्री व्हा. विद्यार्थ्यांच्या आपसातल्या मॅच, तासावर पैसे, ट्रेनिंग कॉलेजच देतं. फाउलला मूठ वर, व्हायोलेशनला उघडा तळवा वर, आणि शिट्टी एकदाच पण जोरात, अर्धवट पुकपुक केलंत की पोरं चढून बसतात. मी पुण्यात खेळताना पंचांशी हुज्जत घालण्यात पटाईत होते, इथे शिट्टी गळ्यात आल्यावर रूममेटच माझ्याशी हुज्जत घालायला लागली.

आता व्हिसाचं. एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) असताना सेमिस्टर चालू असेल तोपर्यंत कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं, सुट्टीत जास्त. टेबल आणि इंट्राम्युरल कॉलेजच्या पेरोलवर असतं म्हणून चालतं. जवळच्या हायस्कूलमध्ये रेफ्रींचा तुटवडा आहे, ते तुम्हाला मॅचमागे रोख द्यायला तयार होतील, पण ते ऑफ-कॅम्पस काम आहे, इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि ते बहुतेक नाहीच म्हणतील. जॉब ऑफरचं पत्र मिळालं की कॉलेजचं पत्र घेऊन सोशल सिक्युरिटी नंबर (पगारासाठी लागणारा सरकारी नंबर) काढायचा, त्यात दिवस जातात. मॅच नोव्हेंबरमध्ये सुरू होतात आणि टेबलाची माणसं सप्टेंबरमध्येच ठरतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये कॅम्पसवर उतरलात की सामान उघडायच्या आधी अ‍ॅथलेटिक्सच्या इव्हेंट्स बघणाऱ्या माणसाला मेल टाका, आणि त्यात लिहा की शनिवारी दुपारी तुम्ही मोकळे असता, कारण बऱ्याच मॅच तेव्हा असतात आणि अमेरिकन पोरं नेमकी तेव्हाच घरी पळतात.