रोबोटकडून गाडी खाली करायचीय? आधी हौदा मोजा

वाळूज, शेंद्रा, बिडकीन, जालना, कुठंही गोडाऊनवर गाडी खाली करणारा रोबोट आणायचा विचार असंल तर ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा. जागा, वायफाय, थ्री फेज हे सगळं मशीन विकणारा स्वतःच विचारतो, त्यात डोकं घालू नका. तो विचारत नाही ते एकच, तुमच्याकडं येणाऱ्या गाड्यांचा हौदा. मागच्या वेळी आमचं नेमकं तेच मोजायचं राहिलं, मशीन डॉकवर (गाडी लावून माल उतरवायच्या ओट्यावर) उभी अन् हमाल नेहमीसारखे गाडीत. म्हणून हे सगळ्यात आधी.

मोजायचं म्हणजे टेप घेऊन गेटवर उभं राहायचं आणि येईल त्या गाडीची जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची घ्यायची, भरलेली असताना एकदा आणि रिकामी झाल्यावर परत एकदा. दोन्ही वेळा, कारण माल उतरत जातो तसे चाकावरचे स्प्रिंगचे पाटे मोकळे होतात आणि हौदा वर येतो, मग सुरुवातीला जुळवलेली लेव्हल अर्ध्या गाडीनंतर राहत नाही. डॉक साधारण चार फुटाचा, कंटेनर त्याच्या आसपास बसतो, पण आपल्याकडं ३२ फुटी कंटेनरच्या मागं ताडपत्रीची उघडी गाडी अन् तिच्या मागं छोटा हत्ती लागतो, त्याचं काय करणार? माणूस पाय वर टाकून चढतो, चाकावरचं मशीन चढत नाही. लेव्हलर, म्हणजे डॉक अन् गाडीच्या मधली वरखाली होणारी फळी, किती वर आणि किती खाली जातं तो आकडा लिहून घ्या आणि तुमच्या मापांशेजारी ठेवा. ट्रान्सपोर्टवाल्याची यादी चालणार नाही, तिच्यात टन असतात, हौद्याची उंची नसते.

त्याच हेलपाट्यात तळही बघा. आत शिरणारा रोबोट लई जड असतो, अमेरिकेच्या बोस्टन डायनॅमिक्स कंपनीचा स्ट्रेच नावाचा रोबोट तर हजार किलोच्या पुढं. कुजकी फळी, वर आलेला खिळा, वाकलेला पत्रा, पन्हाळीसारखा तळ, जे दिसंल त्याचा फोटो काढा. मागचा फाळका पूर्ण खाली पडतो का तेही.

आता माल. स्ट्रेच २०२१ मध्ये आला, २३ किलोपर्यंतचे खोके उचलतो, हवेच्या ओढीनं. म्हणजे खोक्याचं तोंड सपाट, कोरडं, धड पाहिजे. तुमचे खोके धुळीनं भरलेले किंवा पावसात ओल धरून मऊ पडलेले असतील तर पकड सुटती. आणि लातूरकडचे सोयाबीनचे कट्टे रोबोट उचलंल असं कुणी म्हणलं तर ऐकू नका: विणलेल्या पोत्यातून हवा निघून जाते, वजनही २३ च्या कितीतरी वर. कट्ट्यांसाठी वेगळी पकड किंवा वेगळी मशीन लागती, नाहीतर कट्टे हमालांकडंच राहू द्या. ट्रायल तुमच्या गाडीवर, तुमच्या मालावर घ्या, तेही वाकड्या थप्प्या आल्यात तशाच ठेवून. त्यांच्या डेमोचे नवे कोरे खोके बघून सही करू नका.

उन्हाचं विसरू नका. पश्चिमेला तोंड असलेल्या डॉकवर संध्याकाळचं ऊन सरळ कॅमेऱ्यात जातं आणि मशीनला खोक्याची कड दिसत नाही, पडदा लावा. बऱ्याच रोबोटची चालायची मर्यादा ४०-४५ डिग्रीपर्यंत असते, आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या कंटेनरच्या आत काय होतं ते तुम्हाला माहितीये. मॅन्युअलमधला आकडा वाचा अन् दुपारचं काम सकाळी ढकला.

हमालांशी आधी बोला, मशीन उतरल्यावर नाही. माथाडी कायदा १९६९ पासून आहे, मंडळ आहे, नोंदणी आहे, हे टाळून पुढं जाता येत नाही आणि जाऊही नये, या लोकांनी तुमचं गोडाऊन पाठीवर वाहिलंय. मुकादमाला पहिल्या मीटिंगला बसवा, कुठल्या गाडीचा हौदा बसका अन् कुठलीची फळी गेलेली हे त्याला तोंडपाठ असतं. अडकलेला खोका काढणं, फुटका माल वेगळा करणं, रोबोट खोके ज्यावर ठेवतो त्या सरकत्या बेल्टवर लक्ष ठेवणं ही कामं त्याच्याच टोळीकडं द्यायची, आणि मजुरी किती ते मशीन यायच्या आधी लिहून द्यायचं.

आणि उंची मोजली का? भरलेली अन् रिकामी? नसंल तर पुढचं वाचू नका, आधी गेटवर जा.

सुरक्षेचं थोडक्यात: रोबोट आत असताना ड्रायव्हरनं गाडी हलवली तर जीव जाईल. चावी सुपरवायझरकडं, चाकाला दोन्हीकडून ठोकळे, मग मशीन चालू. आत माणूस शिरला की मशीन आपोआप थांबलं पाहिजे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

लाईट गेली तर पकडलेला खोका पडतो की धरून राहतो, ते बघा. सक्शन कप, फिल्टर जादाचे ठेवा. सर्व्हिसचा माणूस पुण्याहून यायचा की इथलाच, करारात लिहून घ्या. बेल्टच्या पुढं माल उचलायला माणसं लावा, नाहीतर सगळं तिथंच तुंबतं. पहिले काही आठवडे एकाच डॉकवर, एकाच मापाच्या गाड्या. नवा ट्रान्सपोर्टवाला लावला की त्याच्या गाड्या परत मोजायच्या, भरलेल्या आणि रिकाम्या.