फॅमिली गाडीला स्वस्त टायर घेताय? नागपूरच्या उन्हात या चुका टाळा

दुकानात गेलं की बरेच लोक पहिलं हेच म्हणतात, भाऊ ऑल सीझन टायर दाखवा ना. इथूनच गडबड सुरू होते. हा शब्द बर्फ पडणाऱ्या देशातला आहे, तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे, दोन्ही सेट ठेवणं सगळ्यांना परवडत नाही म्हणून मधला प्रकार निघाला. नागपूरला बर्फ कुठं पडून राहिला? आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, जुलैत ओला सिमेंट रोड आणि डिसेंबरात थोडी थंडी, आणि यात टायरला सगळ्यात जास्त खाते ती गरमी. त्यामुळे त्या नावासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, टायर ताजा आहे का आणि भरलेल्या गाडीचं वजन झेपेल का एवढं आधी पहा.

तारीख न पाहायची चूक मी स्वतः केली. आमची अर्टिगा आहे, आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं आणि मागं सामान. २०२३ मध्ये एका दुकानात टायरमागं ७०० रुपये कमी लावले म्हणून मी काही न विचारता चारही बसवून घेतले. पुढच्या मे महिन्यात लग्नासाठी अमरावतीला निघालो, कोंढाळीला चहाला थांबलो तर बाबा म्हणाले, "अरे हे पाय बरं, टायरले गाठ आल्यासारखी दिसते." मागच्या डाव्या टायरच्या साइडला अर्ध्या लिंबाएवढा फुगा, हात लावला तर तव्यासारखा गरम. स्टेपनी लावून हळूहळू निघालो. घरी येऊन पाहिलं तर टायरच्या साइडवर DOT लिहून जो नंबर छापलेला असतो, त्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडे ३११९, म्हणजे २०१९ च्या ३१ व्या आठवड्यातला माल! फुगा तसा खड्ड्याच्या किंवा रोडच्या कडेच्या मारानं येतो, आतले धागे तुटतात, पण वर्षानुवर्षं पडून रबर कडक झालं असेल तर भरवसा आणखी कमी. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कोणी करून देतो म्हणाला तरी नाही म्हणा. आणि हो, ही तारीख बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असते, ती बाजू आत गेली की दिसत नाही, म्हणून रिमवर चढवायच्या आधीच वाचा. मी आता सहा महिन्यांपेक्षा जुना टायर घेतच नाही.

दुसरी चूक साइजची. आमच्या गाडीचा साइज १८५/६५ आर १५ आणि पुढं ८८. हा ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत वजन चालतं. स्टॉक नसला की दुकानदार १८५/६० वाला, म्हणजे थोडा कमी उंचीचा, ८४ नंबरचा दाखवतो, बसतो ना साहेब म्हणतो, आणि रिमवर बसतोही, पण ८४ म्हणजे ५०० किलो, चार टायर मिळून २४० किलो कमी झाले, वरून गाडी जवळपास ९ मिलिमीटर खाली येते. एकटा ऑफिसला जाणाऱ्याला हे जाणवणार नाही, सहा-सात माणसं बसवणाऱ्यानं अजिबात घेऊ नये.

आता हवेचं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा नाहीतर टायर फुटेल, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात आणि हे साफ उलटं आहे. हवा कमी असली की साइड जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्यातून गरमी वाढते, आणि समृद्धीवर १२० नं तास-दीड तास गाडी पळाली तर तिथंच टायर फाटू शकतो. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतं, त्यावरची हवा सकाळी गाडी थंड असताना भरायची, लोड जास्त असेल तर त्याचा आकडा वेगळा दिलेला असतो. रस्त्यात गरम टायरमध्ये चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) जास्त दिसले तर घाबरून काढू नका. नायट्रोजन नाही मिळाला तरी चालतं, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

नवे टायर टाकूनही त्रास होत असेल तर असं पहा. ८०-९० वर स्टेअरिंग थरथरतं म्हणजे आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का, ते तपासा. गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर फक्त आतल्या कडेला घासतो तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते पहा. दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा घासला तर जास्त. दोनच टायर घ्यायचे असले तर नवे मागं लावा, ओल्या रोडवर मागची बाजू घसरली तर सांभाळता येत नाही. आणि टायरच्या नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, टायर घासून तिथपर्यंत, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरेपर्यंत थांबू नका, पावसाळ्याआधीच बदला.

पक्कं बिल घ्याच, नाहीतर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, बिलात तोच लावला का तेही पहा.

राहिली स्टेपनी. अर्टिगात ती मागं गाडीच्या पोटाखाली असते, त्यामुळे कोणी वाकून पाहत नाही. कोंढाळीला आमच्या स्टेपनीत फक्त १८ पीएसआय हवा निघाली, बाजूच्या पंक्चरवाल्यानं भरून दिली म्हणून लग्नाच्या वेळेत पोचलो. आता महिन्यातून एकदा पाचही टायर तपासतो आणि स्टेपनीत तीन-चार पीएसआय जास्तच ठेवतो.