काळ्या पट्ट्याच्या पुढे: गोव्यातून आंतरराष्ट्रीय कराटे स्पर्धांची तयारी कशी करावी

मुलाला काळा पट्टा मिळाला की आता आंतरराष्ट्रीय स्पर्धा दूर नाही, असे अनेक पालकांना वाटते. पट्टा हा त्या त्या शैलीतील शिक्षणाचा दाखला असतो. स्पर्धेच्या तातामीवर, म्हणजे लढतीच्या मॅटवर मात्र खेळाडू शोतोकान शैलीचा असो वा गोजू-र्‍यू शैलीचा, त्याला लाल किंवा निळाच पट्टा बांधावा लागतो आणि घरून आणलेला काळा पट्टा पिशवीत राहतो. त्यामुळे कारकिर्दीचा विचार करताना सर्वप्रथम आपला क्लास कोणत्या संघटनेशी संलग्न आहे, हे तपासावे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता वर्ल्ड कराटे फेडरेशनला आहे. तिच्या संकेतस्थळावरील सदस्यांच्या यादीत भारताच्या नावापुढे आज कोणती संघटना आहे ते पाहावे आणि तिच्याशी जोडलेल्या गोव्यातील संघटनेमार्फतच निवड चाचणीस जावे. ही चौकशी दरवर्षी करावी, कारण आपल्याकडे कराटेत संघटनांचे वाद जुने आहेत. आमच्या घरच्या कपाटात एका 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धेचा भला मोठा चषक आहे. त्या स्पर्धेत दोनच देशांचे झेंडे होते आणि तिचे प्रमाणपत्र पुढे एकाही अर्जाला जोडता आले नाही.

गोव्यापुरता आणखी एक प्रश्न पासपोर्टचा आहे. आजी-आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याचा विचार अनेक घरांत चालतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय संघातून खेळण्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो, त्यामुळे हा निर्णय मुलाच्या खेळाचा विचार करूनच घ्यावा.

काता (एकट्याने सादर करायचा ठरावीक हालचालींचा क्रम) की कुमिते (प्रतिस्पर्ध्याशी लढत), हे साधारण चौदाव्या वर्षापर्यंत ठरलेले बरे. कातामध्ये कारकीर्द लांबू शकते. स्पेनच्या सांद्रा सांचेझ यांनी टोकियोतील ऑलिंपिक सुवर्ण जिंकले तेव्हा त्या 39 वर्षांच्या होत्या. मात्र त्या वाटेला धीर लागतो, कारण एकाच वळणावर टाच उचलली जाऊ नये म्हणून महिनोन्महिने तेच वळण घोटावे लागते.

कुमितेचे गणित वरवर सोपे दिसते. ठोशाला 1 गुण, पोटावरच्या किंवा पाठीवरच्या लाथेला 2, डोक्यावरच्या लाथेला किंवा पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर केलेल्या अचूक प्रहाराला 3, आणि 8 गुणांची आघाडी मिळताच लढत संपते. गुण बरोबरीत सुटले तर प्रतिस्पर्ध्याने गुण घेण्याआधी एकट्याने पहिला गुण मिळवणाऱ्याला 'सेन्शू'चा लाभ मिळतो, म्हणून पहिल्या गुणासाठी वेगळा सराव करावा. खरी कसोटी नियंत्रणाची असते. 2021 मध्ये टोकियोत झालेल्या 75 किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतक्या जोरात बसली की तो बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला बाद ठरवले आणि सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला मिळाले. ही लढत प्रत्येक मुलाला एकदा दाखवावी. सरावात जोडीदाराच्या गालाजवळ मूठ थांबवून तिथूनच झटक्यात मागे घेण्याची सवय लावावी, कारण पंच हात मागे येतो की नाही हेही पाहतात.

वजनगट हा दुसरा कळीचा विषय आहे. वरिष्ठ पुरुषांत 60, 67, 75 आणि 84 किलोंपर्यंतचे चार गट आणि 84 वरील एक गट असतो, तर महिलांत 50, 55, 61, 68 आणि 68 वरील असे पाच गट असतात. वाढत्या वयाच्या मुलाला खालच्या गटात कोंबण्यासाठी उपाशी ठेवू नये. चतुर्थीच्या दिवसांत नेवऱ्या आणि मोदकांनी भरलेल्या घरात सप्टेंबरमधील वजनाचे नियोजन कोलमडते, हे गृहीत धरूनच ऑगस्टमध्ये थोडी सवड ठेवावी. ऐन चतुर्थीला मुलाच्या हातातली नेवरी काढून घेणे मला तरी कधी जमलेले नाही.

14 व 15 वर्षांचा कॅडेट गट आणि 16 व 17 वर्षांचा ज्युनियर गट हे नेमके दहावी-बारावीच्या वर्षांवर येतात. म्हणून वर्षाच्या आरंभीच यूथ लीगचे, म्हणजे वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या लहान वयोगटांच्या स्पर्धामालिकेचे वेळापत्रक आणि परीक्षेच्या तारखा समोरासमोर मांडून, खर्च झेपेल अशी एकच परदेशी स्पर्धा निवडावी. संयुक्त अरब अमिरातीतील फुजैराह येथे यूथ लीगची स्पर्धा झालेली आहे आणि गोव्याहून ती युरोपच्या मानाने जवळ पडते. पुढे वरिष्ठ गटात गेल्यावर सिरीज ए या फेडरेशनच्या वरिष्ठांच्या स्पर्धामालिकेतून क्रमवारीचे गुण मिळवावेत, कारण प्रीमियर लीग या तिच्या वरच्या स्तराच्या मालिकेचे दार क्रमवारीत वर असलेल्यांसाठीच उघडते.

उत्पन्नाबाबत भ्रम नसावा. कराटे पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नव्हते आणि 2028 च्या लॉस एंजेलिसमध्येही नाही. त्यामुळे आशियाई क्रीडास्पर्धा आणि जागतिक अजिंक्यपद हीच मोठी लक्ष्ये उरतात. क्रीडा कोट्यावर भिस्त ठेवण्यापूर्वी संबंधित खात्याच्या खेळांच्या यादीत कराटे आहे का, हे पाहून घ्यावे आणि शिक्षण सोडू नये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ग्लोव्हज आणि शिनगार्ड चार-चार दिवस वाळत नाहीत आणि गीवर, म्हणजे कराटेच्या पोशाखावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. म्हणून लाल व निळ्या, अशा दोन्ही रंगांचे मान्यताप्राप्त साहित्य वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत ठेवावे आणि सराव संपताच पंख्याखाली उलटे पसरावे. सर्दी झाली तर घरातली गोळी सरसकट देऊ नये. सर्दीच्या काही औषधांत असणारे स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर आढळल्यास स्पर्धाकाळात निषिद्ध ठरते. डॉक्टरांना मूल स्पर्धक असल्याचे आधी सांगावे आणि दिलेल्या औषधाची चिठ्ठी पासपोर्टसोबत ठेवावी.