कॅलिफोर्नियात गाडीच्या काळ्या काचांची फिल्म कशी बदलावी

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल शहरात राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी आठ वर्षं वापरलेली एक सेडान घेतली. गाडी मूळची टेक्सासची. इंजिन ठणठणीत, टायर नवे, फक्त काचा काळ्या. मागच्या काचेवरची फिल्म जांभळी पडून तिला फुगे आले होते. उन्हाला आडोसा होईल म्हणून मी त्यात आनंदच मानला. तीन आठवड्यांनी रात्री एल कमिनो रियल या रस्त्यावर आरशात पोलिसांचे निळे-लाल दिवे चमकले आणि मला काचा दुरुस्त करून दाखवण्याचं तिकीट, म्हणजे चलान, मिळालं.

व्हिसावर राहणाऱ्या माणसाच्या पोटात अशा वेळी गोळा येतो, म्हणून आधी हे सांगतो. याला इथे फिक्स-इट तिकीट म्हणतात. ठरलेल्या तारखेच्या आत चूक दुरुस्त करायची, ती झाली असं लिहून घ्यायचं आणि कोर्टात थोडी फी भरायची, एवढंच. मात्र ती तारीख चुकवली तर प्रकरण वाढतं.

आणखी एक सवय इथे मोडावी लागते. आपल्याकडे पोलिसाने हात दाखवला की गाडी कडेला घेऊन, खाली उतरून आपण त्याच्याकडे चालत जातो. इथे असं अजिबात करू नका. गाडी कडेला थांबवा, आतला दिवा लावा, सगळ्या काचा खाली घ्या, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवा आणि बसून राहा. काळ्या काचेमागे काय आहे ते समोरच्याला दिसत नाही, आणि त्याची सगळी भीती तिथेच असते. कागद हवे असतील तर तो मागेल. ते काढण्यासाठी हात कुठे नेताय ते आधी सांगून मग न्या.

आपण मराठी माणसं या बाबतीत थोडी अनभिज्ञ असतो, त्यालाही कारण आहे. २७ एप्रिल २०१२ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर फिल्म लावायला मनाई केली. त्यानंतर चौकात उभं करून फिल्म सोलून काढणारे वाहतूक पोलीस मुंबई-पुण्याच्या लोकांनी पाहिले. त्यामुळे फिल्मचे प्रकार, तिचे आकडे, तिचं प्रमाणपत्र यांच्याशी आपला संबंधच उरला नाही. अमेरिकेत फिल्म चालते, पण कुठल्या काचेवर किती काळी, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. टेक्सासमध्ये पुढच्या दारांच्या काचांतून २५ टक्के उजेड आत आला तरी पुरतो. कॅलिफोर्नियात तीच काच बेकायदा ठरते. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

आकडा कसा वाचायचा

फिल्मच्या दुकानात 'पाच', 'वीस', 'पस्तीस' असे आकडे ऐकू येतात. काचेतून किती टक्के उजेड आत येतो, ते हा आकडा सांगतो. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी काच काळी. पहिल्यांदा जाणाऱ्याचा इथे हमखास उलटा समज होतो.

कॅलिफोर्नियाचा नियम असा आहे. ड्रायव्हरच्या आणि त्याच्या शेजारच्या दारावर फक्त रंगहीन, पारदर्शक फिल्म चालते. ती एकटी किमान ८८ टक्के उजेड सोडणारी हवी आणि काच व फिल्म मिळून किमान ७० टक्के उजेड आत यायला हवा. मागच्या दारांच्या आणि मागच्या मोठ्या काचेला काळेपणाची मर्यादा नाही, फक्त गाडीला दोन्ही बाजूंचे आरसे हवेत. पुढच्या मोठ्या काचेला, अगदी वरची पट्टी सोडली तर, फिल्म लावायच्या फंदात पडू नका.

यात एक गणित दडलेलं आहे. गाडीची काच मुळात शंभर टक्के पारदर्शक नसते, साधारण ७५ ते ८० टक्क्यांच्या घरात असते. काच ८० टक्क्यांची आणि फिल्म ८८ची असेल, तर दोन्ही मिळून ७०.४ टक्के होतात, म्हणजे जेमतेम पास. काच ७८ची असेल तर तीच फिल्म ६८.६वर येऊन नापास होते. म्हणून पुढच्या दारांसाठी फिल्म निवडण्याआधी दुकानदाराला मीटर लावून तुमची फिल्म नसलेली काच किती उजेड सोडते ते मोजायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. ते करायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे गाडी देऊ नका.

याच नियमात आणखी एक ओळ आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. पुढच्या दारांवरची ही फिल्म फाटली, फुगली किंवा नीट दिसणार नाही इतकी झिजली असेल तर ती काढावी किंवा बदलावी लागते. माझ्या मागच्या काचेवरच्या फिल्मला ही ओळ थेट लागू नव्हती, पण फुग्यांमुळे मागचं नीट दिसत नसल्याने मी तीही काढायचं ठरवलं.

फिल्म आहे की काचच काळी आहे?

काच अर्धी खाली घ्या आणि तिची वरची कड नीट बघा. फिल्म कडेच्या किंचित आधी संपते, त्यामुळे वर केसाएवढी स्वच्छ रेघ दिसते. आतून नखाने चाचपलं तर कडही लागते. असं काहीच सापडलं नाही तर रंग काचेतच मिसळलेला असतो. एसयूव्हीच्या मागच्या काचा बऱ्याचदा कंपनीतूनच अशा येतात. त्या तशाच राहू द्या.

जुनी फिल्म काढणं

हे काम घरी जमतं. दुकानात त्याचे वेगळे शंभर-दोनशे डॉलर लागू शकतात. आपल्याकडे एक मोकळा शनिवार आणि धीर हवा. भाड्याच्या घरात राहत असाल तर पार्किंगमध्ये गाडीचं काम चालतं का, हे तिथल्या व्यवस्थापनाच्या ऑफिसात आधी विचारा, कारण बऱ्याच अपार्टमेंटांत चालत नाही.

जमवायच्या वस्तू साध्याच आहेत: कपड्यांना वाफ देणारा स्टीमर, स्प्रेच्या बाटलीत भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घातलेलं पाणी, नवी ब्लेड आणि ती धरायची मूठ, प्लास्टिकची खरवडणी, जुने टॉवेल, गोंद काढायचं द्रावण.

फिल्म काचेच्या आतल्या बाजूला असते. काच जिथे दारात शिरते त्या कडेला टॉवेल खोचा, कारण तिथल्या खाचेत आणि काचेच्या बटणांत पाणी गेलं तर नवं दुखणं मागे लागतं. काच दोन-तीन इंच खाली घ्या म्हणजे फिल्मची वरची कड मोकळी होते. त्या कोपऱ्यावर वाफ धरा. स्टीमर काचेला टेकवू नका, थोडा लांब ठेवून हळूहळू फिरवा. कोपरा सैल झाला की नखाने उचला, आणि एका हाताने वाफ पुढे सरकवत दुसऱ्या हाताने फिल्म ओढत राहा. सगळी गंमत ओढण्याच्या वेगात आहे. संथ ओढलं तर गोंद फिल्मबरोबर निघून येतो. झटका दिला तर फिल्मचा वरचा पापुद्रा हातात येतो आणि गोंद काचेवरच राहतो, मग त्याच्याशी तासभर झगडावं लागतं. कडक थंडीच्या सकाळी गार काचेवर एकदम जोराची उष्णता सोडू नका, काच तडकू शकते.

दारांच्या काचेवर उरलेल्या गोंदावर साबणाचं पाणी फवारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि ब्लेड तिरकी धरून एकाच दिशेने सरकवा. पुढे-मागे घासू नका. काच सतत ओली ठेवा. ब्लेड बोथट झाल्यासारखी वाटली की लगेच बदला, आणि जुन्या ब्लेडला टेप गुंडाळूनच कचऱ्यात टाका.

स्टीमर नसेल तर उन्हाची रीतही आहे. बाहेरून काच ओली करून तिच्या मापाची काळी कचऱ्याची पिशवी चिकटवायची, आतून फिल्मवर अमोनियाचं घरगुती द्रावण फवारून त्यावरही प्लास्टिक लावायचं आणि गाडी तास-दोन तास कडक उन्हात उभी करायची. गोंद मऊ होतो. पण अमोनियाचा वास नाका-डोळ्यांत जातो, आणि सीटवर ठिबकला तर चामड्याला आणि प्लास्टिकला डाग पडतात. दारं उघडी ठेवा, मास्क आणि हातमोजे घाला, सगळं आतून झाकून घ्या. ब्लीच असलेली कुठलीही गोष्ट जवळपासही नको, कारण दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. घरात लहान मुलं असतील तर मी सरळ वाफेचाच मार्ग धरायला सांगेन.

मागची मोठी काच

इथे घाई केली तर नुकसान ठरलेलं. त्या काचेवर आडव्या बारीक रेघा असतात, त्या धुकं घालवणाऱ्या तारा. बऱ्याच गाड्यांत रेडिओची अँटेनाही त्यातच असते. फिल्म थेट या तारांवर चिकटलेली असते. त्यामुळे मागच्या काचेला ब्लेड लावायची नाही, कितीही मोह झाला तरी. वाफ भरपूर द्या, आणि फिल्म वरून खाली न ओढता तारांच्या दिशेने, आडवी ओढा. राहिलेल्या गोंदावर द्रावण टाकून मऊ कापडाने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने हलक्या हाताने, पुन्हा तारांच्याच दिशेने पुसा. मागच्या फळीवरचे स्पीकर टॉवेलने झाका.

माझी एक तार तुटलीच. शेवटचा वीतभर तुकडा राहिला होता, अंधार पडत होता, आणि मी तो उभा ओढला. पुढच्या पावसाळी सकाळी, म्हणजे इथल्या डिसेंबरात, काचेच्या मधोमध धुक्याचा एक आडवा पट्टा तसाच राहिला. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात वीजवाहक रंगाची छोटी बाटली मिळते. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेप लावून तो रंग भरला आणि तार पुन्हा चालू झाली. पण हात आवरला असता तर ती वेळच आली नसती.

नवी फिल्म निवडताना

काळी फिल्म म्हणजे गार गाडी, हा समज मनातून काढा. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते. स्वस्त, रंगवलेली फिल्म मुख्यतः उजेड अडवते, आणि तिच्यातला रंग उन्हानेच विटून जांभळा होतो. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता चांगली अडवते, पण मोबाइल, जीपीएस आणि टोलच्या टॅगच्या लहरींनाही अडथळा करू शकते. सिरॅमिक फिल्म महाग असते, पण जवळजवळ पारदर्शक असूनही बरीच उष्णता आणि अतिनील किरणं बाहेर ठेवते. पुढच्या दारांवर कॅलिफोर्नियात काळी फिल्म लावताच येत नाही, तेव्हा तिथे पैसे खर्च करायचेच असतील तर ते सिरॅमिकवर करा. त्वचेच्या काळजीनेही हे बरं आहे. पुढची मोठी काच दोन थरांची असल्यामुळे बहुतेक अतिनील किरणं अडवते, दारांच्या साध्या काचा तेवढं करत नाहीत. मागे मुलं किंवा इथे राहायला आलेले आई-बाबा बसणार असतील तर तिथे गडद फिल्म खुशाल लावा.

लावायचं काम मात्र कारागिराकडेच द्या. धुळीचा एक कण फिल्मखाली गेला तरी तो कायमचा दिसतो. शिवाय कायद्याप्रमाणे पुढच्या काचांच्या फिल्मचं प्रमाणपत्र ड्रायव्हरकडे असावं लागतं. त्यावर लावणाऱ्याची सही, आणि लावणाऱ्याचं व फिल्म बनवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता हवा. गाडी ताब्यात घेण्याआधी ते मागून घ्या. फिल्मचं नाव आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या. मी गेलो त्या पहिल्या दुकानात मला "पुढे पस्तीस लावा, कोणी पकडत नाही" असं सांगितलं गेलं. तिकीट दुकानाच्या नावाने फाटत नाही, चालवणाऱ्याच्या नावाने फाटतं. मी तिथून निघालो.

फिल्म लावल्यावर तीन ते पाच दिवस काचा खाली घेऊ नका. बटणांवर टेप लावून ठेवा, सवयीने बोट जातंच. पहिले काही दिवस आत पाण्याचे बारीक ठिपके, धुरकटपणा दिसला तर घाबरू नका, तो वाळतो. नंतरही काच पुसायला अमोनिया नसलेलंच क्लीनर वापरा.

ज्यांना डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलं आहे, त्यांना कॅलिफोर्नियात डॉक्टरच्या पत्रावर उन्हाचा पडदा लावता येतो. ते पत्र गाडीत हवं, आणि अंधार पडल्यावर तो पडदा वापरता येत नाही.

तुम्ही दुसरीकडे राहत असाल तर तिथला नियम पाहा. न्यू जर्सीत पुढच्या दारांवर गाडी घेतल्यानंतर लावलेली फिल्म चालतच नाही. न्यू यॉर्कमध्ये २०१७पासून वार्षिक तपासणीतच काचा मोजल्या जातात. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५पासून वापरात आलेल्या गाड्यांना पुढच्या मोठ्या काचेतून ७५ आणि पुढच्या दारांतून ७० टक्के उजेड लागतो.

तिकीट बंद करणं

काम झालं की तिकीट, फिल्मचं प्रमाणपत्र आणि गाडी घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा हायवे पेट्रोलच्या, म्हणजे महामार्ग पोलिसांच्या, कार्यालयात जा. कोणत्या वेळी सही करतात ते आधी फोन करून विचारा. अधिकारी बाहेर येऊन काचा बघतो आणि तिकिटावर दुरुस्ती झाल्याच्या जागी सही करतो. ते तिकीट तारखेच्या आत कोर्टात द्यायचं. अशा प्रत्येक दुरुस्तीला २५ डॉलर फी लागते. टपालाने पाठवत असाल तर सही केलेल्या बाजूची झेरॉक्स काढून ठेवा, आणि दोन-तीन आठवड्यांनी कोर्टाच्या वेबसाइटवर तिकिटाचा नंबर घालून प्रकरण बंद झालंय ना, ते बघा.