मोटरहोम घेताय? आधी वजनकाट्यावर न्या

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय केलेल्या गाडीच्या, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि कमाल एकूण वजन. त्यांची वजाबाकी म्हणजे भारक्षमता, असं विक्रेते सांगतात. पण आरसीवरचं रिकामं वजन बऱ्याचदा मूळ गाडीचं असतं. पलंग, ओटा, बॅटऱ्या, एसी नंतर चढतात. म्हणून सौदा पक्का करण्याआधी गाडी नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या वजनकाट्यावर न्या, पावती घ्या.

समजा कमाल वजन ३,५०० किलो आणि काट्यावर भरलं २,९५०. उरले ५५०. चार माणसं सरासरी ६५ किलोंची, म्हणजे २६०. पाण्याची टाकी १०० लिटर, म्हणजे १०० किलो. भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे ३०. सामानाला राहिले १६० किलोच! ताडपत्री, खुर्च्या, भांडी, कपडे, शिधा सगळं यातच.

पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोला, हे फार महत्त्वाचं. टाकी मागच्या चाकांच्याही मागे असेल तर मागचा ॲक्सल (चाकांचा आस) जास्त दबतो, पुढचा उचलला जातो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. जादा वजनाने कसारा घाट उतरताना ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. टायरवरचा भारांकही, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा, तपासा.