दमट हवेतले चामड्यावरचे कोरीवकाम: ठसे घेण्याआधी ओलावा ओळखा

चामड्यावरचे कोरीवकाम शिकू पाहणारे कोकणातले नवखे भेटले की बहुधा एकच गोष्ट विचारतात, ती म्हणजे ठसे, म्हणजे ओल्या चामड्यावर ठोकून नक्षी उठवायची धातूची अवजारे, कोणते घ्यावेत. त्याचे उत्तर मी पुढे देणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या किनारपट्टीच्या हवेत ठसा नीट उमटत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा ठशात नसून चामड्यात राहिलेल्या पाण्यात असतो. हे लक्षात येईपर्यंत माणूस ठशांवर पुष्कळ पैसे घालवून बसतो, आणि तरीही हाताखालच्या फुलाची पाकळी उठत नाही ती नाहीच.

आधी काही प्राथमिक गोष्टी थोडक्यात. कोरीवकाम फक्त झाडांच्या साली, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यावरच होते. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले मऊ चामडे ठसा धरून ठेवत नाही, तेव्हा दुकानदार काहीही म्हणाला तरी ते घेऊ नये. पट्ट्यासाठी तीन ते चार मिलिमीटर जाडी ठीक असते. आपल्याकडे म्हशीचे चामडे सहज मिळते, पण त्याचा पोत भरड असल्याने बारीक नक्षी त्यावर रेखीव उठत नाही. सरावाला मात्र ते उत्तम आहे, कारण ते स्वस्त पडते आणि बिघडले तरी जीव हळहळत नाही.

आता मूळ अडचणीकडे येतो. कोरण्याआधी चामडे भिजवून मुरू द्यावे लागते. पाणी तंतूंमध्ये समान पसरले की ते लवचिक होतात, ठशाखाली दबतात आणि वाळल्यावर दबलेलेच राहतात. सर्वत्र सांगितली जाणारी खूण अशी की चामड्याचा रंग जवळजवळ मूळ रंगावर आला, पण गालाला लावल्यावर ते अजून थंड लागले, की ते कामाला तयार झाले. ही खूण खोटी नाही. मात्र या कलेची आज प्रचलित असलेली पद्धत प्रामुख्याने अमेरिकेतल्या खोगीर बनवणाऱ्यांकडून आलेली आहे. वर्तुळाकार वेलींची प्रसिद्ध शैली तर वायोमिंगमधील शेरिडन या गावाच्या नावानेच ओळखली जाते, आणि तो प्रदेश कोरड्या हवेचा आहे. तिथे पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडते, म्हणून ‘थोडा वेळ थांबा’ एवढे सांगून भागते. आपल्याकडे जुलैत त्याच चामड्याचा गडद रंग तासन्‌तास उतरत नाही.

मग आपण पंखा लावतो, आणि फसगत होते ती इथेच. पंख्याखाली वरचा पापुद्रा लवकर सुकतो आणि रंग मूळपदावर आल्यासारखा दिसतो. आत मात्र पाणी तसेच भरलेले असते. पंख्याच्या वाऱ्याने चामडे गारही लागते, त्यामुळे गालाची परीक्षासुद्धा दिशाभूल करते. अशा चामड्यावर बेव्हलर, म्हणजे रेषेलगतचे चामडे उतरते दाबणारा ठसा, मारला की खाच पडते, पण ती लगेच पुन्हा फुगते. नक्षीसाठी सुरीने आधी कापलेल्या रेषा मिटू लागतात, आणि योग्य ओलाव्यावर ठशाखाली जी तपकिरी झाक येते ती येतच नाही. नवख्याला वाटते की ठसा बोथट आहे किंवा आपला हात हलका पडतो आहे. तो जोरात मारतो, तेव्हा ठशाची कड चामड्यात रुतून ते कापले जाते. किनारपट्टीवर शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण या चक्रात सापडलेला मी पाहिला आहे. त्यातून बाहेर पडायला मलाही फार काळ लागला, आणि तो काळ अजून आठवतो.

उपाय साधा आहे, पण त्याला धीर लागतो. चामडे बादलीत बुडवू नये. स्पंजने दोन्ही बाजूंनी हलके आणि सर्वत्र सारखे पाणी लावावे. एकाच जागी पाणी लावल्यास कडेला डाग उठतो. मग ते झाकणाच्या डब्यात काही तास ठेवावे, म्हणजे ओलावा आतपर्यंत सारखा होतो. रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण पावसाळ्यात तो पाळू नये, कारण आपल्या हवेत बुरशी फार लवकर धरते. डब्यातून काढल्यावर पंखा बंद ठेवून वाट पाहावी. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा मला या कामी सर्वांत विश्वासू साथीदार वाटतो. तुकड्याचे भिजवण्याआधीचे वजन लिहून ठेवावे, आणि ज्या क्षणी ठसा सर्वांत स्वच्छ उमटला त्या क्षणाचेही लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी तेवढाच ओलावा उरला की काम सुरू करता येते. मात्र एक लक्षात ठेवावे: पावसाळ्यात कपाटातले ‘कोरडे’ चामडेही हवेतला ओलावा शोषून बसलेले असते, म्हणून जानेवारीतला हिशेब जुलैला लागू पडत नाही. प्रत्येक ऋतूची नोंद वेगळी हवी.

पाण्याविषयी आणखी एक सूचना. आपल्या जांभ्या दगडातल्या काही विहिरींच्या पाण्यात लोहाचा अंश असतो, आणि सालीवर कमावलेल्या चामड्यातील टॅनिनशी लोहाचा संबंध आला की काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वापार होत असे, ती याच गुणावर. म्हणून असे पाणी टाळावे, आणि गंजलेली पट्टी किंवा कात्री ओल्या चामड्यावर कधीही ठेवू नये.

एवढे सांभाळता आले की ठशांचा विचार करावा. माझे ठाम मत आहे की पन्नास ठशांचा स्वस्त संच घेऊ नये. त्यातले बहुतेक ठसे पडून राहतात, आणि जे लागतात ते ओबडधोबड निघतात. फुलापानांच्या कामाला स्विव्हल नाइफ (रेषा कापायची, पाते फिरणारी सुरी) आणि सहा-सात ठसे पुरतात: गुळगुळीत पृष्ठभागाचा मध्यम बेव्हलर, वळणांसाठी एक अरुंद बेव्हलर, पाकळीला खोलगट छटा देणारा पेअर शेडर, देठापानांवर कमानीसारखी नक्षी उठवणारा कॅमोफ्लाज, पानांच्या शिरा काढणारा व्हेनर, फुलाच्या मध्यातले बीजठिपके काढणारा सीडर आणि पार्श्वभूमी दाबणारा बॅकग्राउंडर. टेक्सासमध्ये १९१९ साली सुरू झालेल्या टँडी कंपनीच्या ठशांवर जी अक्षरे असतात तीच पद्धत अनेक विक्रेते वापरतात, म्हणून ती ओळखून ठेवावी: ए म्हणजे पार्श्वभूमी दाबण्याचे, बी बेव्हलर, सी कॅमोफ्लाज, पी पेअर शेडर, एस सीडर आणि व्ही व्हेनर.

यातला जीव बेव्हलरमध्ये आहे. त्याची खोल कड सुरीच्या रेषेत बसते आणि उतरती बाजू बाहेरचे चामडे दाबते. त्या उतारामुळेच पाकळी वर आल्यासारखी दिसते. ठसा प्रत्येक घावाला त्याच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी सरकवत न्यावा, नाहीतर पायऱ्या दिसतात. दुकानात ठसा हातात घेता आला तर त्याचे तोंड दांड्याशी सरळ आहे का, कडेला ओतकामाची कूस राहिली आहे का आणि नक्षीची खोली सगळीकडे सारखी आहे का, ते बोट फिरवून पाहावे. कड बोटाला टोचत असेल तर ती चामडेही कापणार; अतिबारीक पॉलिश पेपरने ती किंचित मोडून घेता येते. पैसे कमी असतील तर एकच बेव्हलर चांगल्या पोलादाचा घ्यावा आणि बाकीचे साधे घ्यावेत.

सुरीच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. चामड्याच्या जाडीचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग एवढाच छेद घ्यायचा असतो, आणि पाते ओढताना अडखळले तर रेषा थरथरते. धार टिकावी म्हणून पाते दर काही मिनिटांनी हिरवे पॉलिश लावलेल्या चामड्याच्या वादीवर घासावे. खाली घ्यायला ग्रॅनाइटचा जाड तुकडा लागतो, तो ओटे बसवणाऱ्यांकडे उरलेला मिळतो. जांभ्याचा चिरा चालत नाही, कारण त्याचा खडबडीतपणा चामड्याच्या मागच्या बाजूला उठतो. लोखंडी हातोडा ठशांची डोकी पसरवतो, म्हणून मोगरी वापरावी. खाऱ्या वाऱ्याने ठशांवरचा मुलामा उडाला की गंज धरतो, तेव्हा काम झाल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून ते बंद डब्यात ठेवावेत आणि पुन्हा वापरण्याआधी ते तेल पूर्ण पुसावे.

गुरूविषयीही माझा आग्रह आहे. दोन दिवसांत पाकीट तयार करून देणारी शिबिरे मला पटत नाहीत. तिथे चामडे आधीच मुरवून समोर ठेवलेले असते, म्हणजे जे शिकायला हवे तेच शिकवले जात नाही. लेझरने नक्षी जाळून घेणे हा धंदा असू शकेल, पण त्याला कोरीवकाम म्हणणे मला मान्य नाही. त्यापेक्षा चपला बांधणाऱ्या जुन्या कारागिराकडे जाऊन बसावे. त्याने आयुष्यात कधी फूल कोरलेले नसेल, पण आज हे चामडे रापी (चामडे कापायची सुरी) घेईल की नाही, हे तो अंगठा दाबून सांगतो, आणि हे ज्ञान कुठल्याही संचात मिळत नाही. रेषेच्या अभ्यासासाठी कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. तिथल्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या पातळ, प्रकाश आरपार जाणाऱ्या कातड्याच्या असतात आणि त्यांची नक्षी भोके पाडून साधलेली असते, त्यामुळे आपल्या ठशांचा तिथे उपयोग नाही. पण रिकामी जागा किती सोडावी हे तिथे दिसते. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्यासारख्यांना फार आनंद झाला होता.

सुरुवात शक्यतो दिवाळीनंतर करावी. हवा कोरडी होत जाते, चामडे अंदाजाप्रमाणे वागते आणि हाताला बरोबर ओलाव्याची ओळख पटते. मग पुढच्या पावसाळ्यात काय बिघडले ते कळू लागते. पहिले काही महिने पाकळ्या सपाट आल्या तर निराश होऊ नये, त्या सगळ्यांच्याच तशा येतात. तुकडे फेकू नयेत. प्रत्येकाच्या मागे तारीख, वजन आणि वापरलेला ठसा लिहून ठेवावा. चांगले उमटलेले आणि फसलेले तुकडे शेजारी मांडल्यावरही एखाद्या ठशाचा दोष सगळ्या वजनांवर सारखाच दिसत असेल, तर तो ठसा खरोखरच वाईट आहे. तो निर्धास्तपणे बदलावा.