रिमफायर बेंचरेस्टची पेटी भरताना (आधी लॉट नंबर बघा)

बेंचरेस्ट म्हणजे बाकाशी बसून, रायफल टेकवून कागदी कार्डावरच्या निशाणांवर केलेली अचूक नेमबाजी, आणि रिमफायर म्हणजे ती .२२च्या छोट्या काडतुसाने. त्या सामन्याला जाताना पेटीत काय भरायचं त्याची ही यादी. आधीच सांगून टाकतो, ती शहाणपणातून आलेली नाही. मागच्या सामन्यात मी माती खाल्ली, त्यातून आलेली आहे. त्यामुळे क्रम माझ्या दुखण्याप्रमाणे लागलाय.

काडतुसं. 'काडतुसं घ्या' असं सांगत नाहीये, ती कोण विसरतं? पाकिटावरचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या कोणत्या खेपेचं ते काडतूस आहे तो आकडा, वाचून घ्या. .२२ लाँग रायफलचं काडतूस घरी भरता येत नाही. पेट घेणारं मिश्रण तळाच्या कडेच्या घडीत कारखान्यातच बसवलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसात पेट घेणारी टोपी तळाच्या मधोमध असते ते) दारू तोलून, गोळी बदलून आपल्या नळीला मानवेल असं काडतूस बनवतात. आपल्या हातात फक्त निवड. आणि एकाच नावाचं, एकाच रंगाच्या पाकिटातलं काडतूस दर लॉटला थोडं वेगळं वागतं. म्हणून तर लोक एली टेनेक्स किंवा लापुआ सेंटर-एक्स अशा सामन्याच्या काडतुसांचे पाच-सहा लॉट मिळवतात, प्रत्येकाचे ग्रूप काढून (एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांची भोकं किती जवळ पडतात ते) बघतात आणि नळीला रुचला तो लॉट जमेल तेवढा साठवतात.

मीही तेच केलं होतं. वहीत नोंदी, चांगल्या लॉटवर लाल खूण, सगळं. पण चाचणीत नापास झालेल्या लॉटची दोन पाकिटं त्याच कपाटात राहिली होती. आदल्या रात्री अकरा वाजता, अर्धवट झोपेत, रंग बघून तीच उचलली. पहिलं कार्ड आधीच उघडलेल्या चांगल्या पाकिटातून मारलं, छान गेलं. दुसऱ्या कार्डापासून गोळ्या खाली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ खाली. मी वाऱ्याला शिव्या घातल्या, मागची पिशवी पुढेमागे केली, आणि भर सामन्यात ट्यूनर (नळीच्या टोकाचं, तिची थरथर जुळवायचं फिरतं वजन) फिरवला. (हे कुणी करू नये, कधीच.) तिसरं कार्डही गेलं. मग सामान आवरताना दोन झाकणं शेजारी पडलेली दिसली. आमच्या पाकिटांवर वेगही छापलेला असतो. एकावर १०६८, दुसऱ्यावर १०४८ फूट प्रति सेकंद. वीस फूट म्हणजे सेकंदाला सहा मीटर, म्हणजे ५० मीटरवर साधारण चार मिलिमीटर खाली. एवढ्यात एक्स (दहाच्या मधोमधचा बारीक ठिपका) तर जातोच, दहासुद्धा जाऊ शकतो. साइटरवर (कार्डावरच्या, गुण न मोजल्या जाणाऱ्या अंदाजाच्या निशाणावर) चार गोळ्या मारून दुर्बीण दोन क्लिक वर घेतली असती तर निदान अब्रू राहिली असती, पण लॉट बदललाय हे डोक्यातच नव्हतं.

तर लॉट नंबर. आता चांगल्या लॉटच्या पाकिटांना मी रंगीत चिकटपट्टी लावतो आणि नापास पाकिटं दुसऱ्या खोलीत ठेवतो. कपाट वेगळं म्हणजे खोलीच वेगळी, शेजारची फळी नव्हे.

किती न्यायची? कार्डावर २५ निशाणं, प्रत्येकी एक गोळी. साइटरला मर्यादा नसते, आणि वारा खेळवायला लागला की एका कार्डाला साठ-सत्तर काडतुसं सहज जातात. तीन कार्डांना पाच पाकिटं धरा. पाचही एकाच लॉटची.

नियम वाचा, आणि ज्या संघटनेचा सामना आहे तिचेच वाचा. रिमफायर आणि एअर रायफल बेंचरेस्टच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे डब्ल्यूआरएबीएफच्या पद्धतीत अंतर २५ आणि ५० मीटर, पूर्ण गुण २५०, बरोबरी झाली की एक्स मोजतात. अमेरिकन रिमफायर असोसिएशनच्या कार्डावर पूर्ण गुण २५००, अंतर ५० यार्ड, आणि भोकाची कड कमी गुणांच्या कड्याला लागली तर ते कमी गुण. त्यामुळे एका पद्धतीची सवय दुसरीकडे महागात पडते. ५० यार्ड म्हणजे पावणेशेचाळीस मीटर. घरी मीटरवर शून्य केलेली दुर्बीण तिथे जरा वर मारणार, पॅरॅलॅक्सही (डोळा हलला की दुर्बिणीतली खूण निशाणावरून सरकल्यासारखी दिसते, तो दोष) परत बघावा लागणार. वेळ बहुधा एका कार्डाला २० मिनिटं. भरपूर वाटतो, पण वाऱ्याची वाट बघत बसलात की शेवटच्या सहा गोळ्या दोन मिनिटांत उडवाव्या लागतात.

वजनाच्या वर्गात उतरणार असाल तर रायफल दुर्बीण, रिंगा, ट्यूनर, सगळं लावून तोला. नुसती रायफल तोलून 'बसते वर्गात' म्हणणारे दर वेळी एक-दोन भेटतात.

वाऱ्याचे झेंडे. हा भाग खरा, बाकी सगळी हमाली. सेकंदाला साधारण १०७० फुटांनी निघालेली ४० ग्रेनची गोळी ५० मीटरवर सेकंदाला एक मीटरच्या आडव्या झुळकीने सहा-सात मिलिमीटर सरकते. गालाला ती झुळूक जेमतेम जाणवते. आणि ती नुसती आडवी सरकत नाही. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवतात अशा) नळीत वारा डावीकडून आला की गोळी उजवीकडे आणि किंचित खाली, उजवीकडून आला की डावीकडे आणि किंचित वर. झेंड्याशिवाय हे कळायला मार्ग नाही. तीन-चार झेंडे घ्या, पहिला बाकापासून जवळ लावा, कारण सुरुवातीला वळलेली गोळी पुढचं सगळं अंतर त्याच कोनात जाते. सामना सुरू झाला की झेंड्यांना हात लावायचा नाही, आणि ते शेजाऱ्याच्या नजरेच्या रेषेत येता कामा नयेत. काठ्या कडक जमिनीत शिरतील अशा घ्या आणि एक हातोडा. हातोडा प्रत्येक जण दुसऱ्याकडे मागतो. काहींना वाटतं जास्त वेगाच्या काडतुसाला वारा कमी लागेल. उलट आहे. आवाजाच्या वेगापलीकडून निघालेली गोळी हवेत जास्त वेग गमावते आणि जास्तच सरकते.

पुढचा रेस्ट (रायफल पुढून टेकवायचा आधार), मागची पिशवी (दस्त्याखालची). पिशवीतली वाळू कोरडी हवी, दमट पिशवी दगडासारखी होते आणि दस्ता तिच्यावर अडकत येतो. दस्ता घासतो तिथे थोडी टाल्कम पावडर. पुढचा-मागचा एकच सलग रेस्ट काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही, विचारून घ्या. ट्यूनरचा आकडा वहीत आणि रायफलवर चिकटवलेल्या पट्टीवरही लिहा, आणि शेजारी कोणत्या लॉटवर तो बसवला तेही, कारण लॉट बदलला की तो आकडा पुन्हा तपासावाच लागतो. हो, परत लॉट. मी थांबणार नाही.

नळी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी घासून चकचकीत करू नका. स्वच्छ नळीला गोळीवरचं ग्रीस पुन्हा बसायला काही गोळ्या लागतात, आणि दुसऱ्या ग्रीसच्या काडतुसावरून आलात तर आणखी जास्त. चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे कार्बनचं कडं मात्र जमू देऊ नका, ते जमलं की ग्रूप हळूहळू फुगतात आणि माणूस दोष काडतुसावर ढकलतो. ॲक्शनचे (रायफलची यंत्रणा दस्त्याला धरून ठेवणारे) स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, नेहमीच्या आकड्यावर.

बाकी भराभर. कानाचं, डोळ्याचं संरक्षण. रिकाम्या चेंबरचा फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवायला चेंबरमध्ये घालायची रंगीत पट्टी), तो नसेल तर रेंज ऑफिसर बाकावर बसूच देणार नाही. बोल्टसाठी (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यासाठी) थोडं वंगण, ॲलन चाव्या, घड्याळ, पेन. बाकाच्या उंचीशी जुळणारं स्टूल, नाहीतर तिसऱ्या कार्डाला मान जाते. पाणी.

सकाळी पेटी बंद करायच्या आधी पाकिटं हातात घ्या, झाकण उघडा, नंबर मोठ्याने वाचा, वहीतल्याशी पडताळा. पाचही पाकिटांचा. वरचं एक बघून नाही.

आणि बोल्ट. रायफलपासून वेगळा ठेवत असाल तर बोल्ट.